मदत हवी आहे: फिलिप गॉसेट आणि रोसिनीचा 'तांक्रेदी'
मंडळी, इथे इटालियन ऑपेरा ऐकणारं कोणी आहे का? शिकागो युनिव्हर्सिटीतले संगीत-अभ्यासक फिलिप गॉसेट (१९४१–२०१७) यांच्यावर छोटा लेख लिहितेय. या माणसाने आयुष्यभर रोसिनी आणि वेर्दी या इटालियन संगीतकारांची हस्तलिखितं चाळली, नंतरच्या लोकांनी घुसडलेलं वेगळं काढलं, वर थिएटरात जाऊन गायकांना गाण्यातल्या हरकतीसुद्धा (सुरांची नक्षी) सुचवल्या, म्हणजे नुसता कागदी पंडित नव्हेच. रोसिनीच्या 'तांक्रेदी' या ऑपेराचा १८१३ सालचा, फेरारा शहरातल्या प्रयोगाचा दुःखान्त शेवट १९७०च्या दशकात सापडला, तो परत स्टेजवर येण्यात यांचा मोठा हात. आता अडचण अशी की मला यूट्यूबवर जे मिळालं त्यात नायक मरायच्या ऐवजी सुखाने जिंकून मोकळा होतो 😅 दुःखान्त शेवटाचं, शक्यतो सबटायटलवालं रेकॉर्डिंग कोणाला माहितीये का? लिंक टाका प्लीज.