होणारी वहिनी फिनलंडची, त्यात कंप्युटरवेडी! भेटीआधी काय वाचू, काय नेऊ?

शाईची_दौत
नमस्कार मंडळी, दादाचं लग्न ठरलंय, मुलगी फिनलंडची आहे, दोघं ताम्पेरेला असतात. मेच्या सुट्टीत मी तिकडे तीन आठवडे जातेय. मी नाशिकला शाळेत मराठी शिकवते, कंप्युटरशी संबंध म्हणजे निकालपत्रक भरण्यापुरता.

परवा व्हिडिओ कॉलवर पहिली ओळख झाली. आईने विचारलं काय करतेस गं, तर ती म्हणाली नोकरीत सर्व्हर सांभाळते आणि घरी जुनी मशीनं दुरुस्त करते. आई लगेच, "अगंबाई, शिलाईची का?" दादाने भाषांतर केल्यावर ती एवढी हसली! मग तिने कॅमेऱ्यासमोर एक चहाच्या रंगाचा जाडजूड कीबोर्ड धरला, म्हणे हा अख्खा कंप्युटरच आहे, कमोडोर ६४, बाबांचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा, आतली चिप गेली होती ती मीच सोल्डरिंग करून बदलली. मी म्हटलं "वा छान". त्यावर ती गप्प, मी गप्प, आईला वाटलं रागावली.

तर तीन आठवडे "वा छान" वर निघणार नाहीत. काय वाचू? आणि भेट काय नेऊ, पैठणीची पर्स आईने घेतलीच आहे.

टर्मिनलकाका
ताई, नशीबवान आहात. पन्नास-पंचावन्न लाखांचा देश पण यादी बघा: लिनक्स (विंडोजसारखी, कंप्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या पोराने, लिनस टोरवाल्ड्सने, हौस म्हणून सुरू केलं. त्याआधी १९८८ मध्ये ओउलू शहरात यार्को ओइकारिनेनने आयआरसी लिहिलं, म्हणजे व्हॉट्सॅप ग्रुपचं खापरपणजोबा म्हणा. आणि तुमची वहिनी सर्व्हर सांभाळते ना, मग ती रोज एसएसएच वापरत असणार, म्हणजे दूरच्या कंप्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय, तेही तिकडचंच. १९९५ मध्ये युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरले म्हणून तातू उलोनेनने लिहिलं. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक सेवेच्या दाराचा नंबर: फाइली पाठवायच्या एफटीपीचा २१, दुरून लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता तो त्याने रीतसर मागून घेतला. हे तिला सांगू नका, तिला माहीत असणार, तिला विचारा.

पोह्यांवर_लिंबू
काका नोकिया विसरले!! आमच्या अकराशेवर सापाचा गेम खेळून माझी बारावी गेली, तो गेम पहिल्यांदा आला १९९७ मध्ये ६११० वर. ताई, कपाटात जुना नोकिया असेल तर तो न्या, चार्जरसकट.

ताम्पेरेकर
मी नऊ वर्षं इथे आहे म्हणून सांगते. पहिलं म्हणजे ती गप्प बसली तर ती विचार करतेय किंवा तिला छान वाटतंय, ती पोकळी भरायला जाऊ नका. दारात चपला काढायच्या, हे आपल्यासारखंच. काळी खारट गोळी पुढे केली तर ती सालमियाक्की, एक खा आणि पाणी जवळ ठेवा.

लिनसने सुरुवात करू नका हो काका, म्हणजे कोणी आपल्याला भेटल्यावर सचिन सचिन करावं तसं ते होतं. कमोडोर दुरुस्त करते म्हणजे डेमोसीनबद्दल विचारा. जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवर छोट्याशा प्रोग्रॅममधून चित्र-संगीत काढून दाखवायची कला, निव्वळ हौस, पैसा नाही. १९९२ पासून असेंब्ली नावाची त्यांची जत्रा भरते आणि २०२० मध्ये फिनलंडने ही कला देशाच्या जिवंत वारशाच्या यादीत घातली. ती जत्रा इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास असते, मेमध्ये तुम्हाला मिळणार नाही, पण ताम्पेरेतच वाप्रिक्की नावाच्या म्युझियम-संकुलात गेमचं म्युझियम आहे, तिथे जुने गेम हाताने खेळता येतात. तिलाच घेऊन जायला सांगा. आणि हेलसिंकीला गेलात तर ओडी लायब्ररी बघा, तिथे थ्रीडी प्रिंटरच्या शेजारी शिलाई मशीनं पण आहेत, आईंना फोटो पाठवा.

आणि तुम्ही मराठीच्या बाई ना? मग कशाला घाबरता. फिनिशमध्ये घर म्हणजे तालो, घरात म्हणजे तालोस्सा, घरातून म्हणजे तालोस्ता. प्रत्यय! आणि हेलसिंकीत म्हणायचं तर हेलसिंगिस्सॅ, 'क' चा 'ग' होतो. ऑफिसातले इंग्लिशवाले रडतात, मला दोन महिन्यांत बरंच जमलं.

शाईची_दौत
ताम्पेरेकर, थांबा थांबा, प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं रूप बदलतं??? म्हणजे सामान्यरूप!

ताम्पेरेकर
हो की. विभक्ती पंधरा. लिंग मात्र एकही नाही, तो आणि ती दोघांनाही 'हॅन'.

खटखट_कीबोर्ड
भेटीचं मी सांगतो. टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड न्या. रिझर्वेशनच्या खिडकीवर, बँकेत खटाखट वाजायचा तो. मेकॅनिकल असतो, असल्या लोकांचा जीव की प्राण. त्याचा नागरी अक्षरं छापलेला प्रकार मिळतो का ते दुकानात विचारा. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, ही मांडणी कंप्युटरवाल्या माणसाला दाखवली की तो तासभर हलत नाही. जड असतो, हँडबॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या. पर्स आईंनी द्यावी, हा तुम्ही द्या.

टर्मिनलकाका
+१. आणि एर्विसेबद्दल विचारायला विसरू नका. १९९२ चा, खिडक्या-माउसवाला वेब ब्राउजर, मोझेक या गाजलेल्या सुरुवातीच्या ब्राउजरच्याही आधीचा. हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या चार विद्यार्थ्यांनी केला, त्यात एक मुलगी होती. पुढे कोणी पैसे घातले नाहीत, बुडाला.

शाईची_दौत
अपडेट देते. कीबोर्ड मिळाला, नागरीवाला, घरी आणून 'क्ष' शोधण्यात अर्धा तास गेला. नोकिया पण सापडला, बॅटरी फुगलीये त्यामुळे बॅटरी काढून फक्त फोन नेणार.

काल रात्री न राहवून तिला मेसेज केला, तालोस्सा म्हणजे 'घरात', आमच्याकडेही असंच आहे. एरवी दोन शब्दांत उत्तर देणारी बाई, सकाळी उठते तर पंधरा विभक्त्यांचा तक्ता, रंगीत, आणि शेजारी मराठीसाठी रिकामा रकाना, खाली लिहिलंय 'तू भर, मी नियम काढून प्रोग्रॅम लिहिते'. दोन रकाने भरले आणि अडकले. पाणी चं पाण्याला, ठीक. पण वाणी म्हणजे दुकानदार असला तर वाण्याला आणि वाणी म्हणजे बोलणं असलं तर वाणीला, का, तर एक पुल्लिंगी आणि एक स्त्रीलिंगी. आता ज्यांच्या भाषेत तो आणि ती एकच, त्या बाईला हे कसं समजावू? कोणी आहे का इथे व्याकरणवालं?