शेकाट्या पक्ष्यांची घरटी उधाणात वाहून जातात, काय करता येईल?

खाडीकाठ_भांडुप:
खाडीलगतच्या एका जुन्या मिठागराचा तुकडा पक्ष्यांसाठी राखलाय. देखरेख वनखात्याची, आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी हाताखाली असतो. रोहित (फ्लेमिंगो), तुतवार, पाणटिवळे हे पाहुणे पक्षी इथे अंडी घालणार नाहीत हे ठाऊक आहे. पण शेकाटे घालतात! गेल्या मे महिन्यात मधल्या उंचवट्यांवर त्यांची घरटी होती. पौर्णिमेच्या भरतीला पाणी आत शिरलं आणि सगळी गेली. बांधाच्या कडेला गवतात अडकलेलं एक अंडं दिसलं, मातकट, काळ्या डागांचं, तडाही गेला नव्हता. यंदा असं होऊ द्यायचं नाहीये.

पाणथळप्रेमी:
आधी भरपूर तिवरं (कांदळवनातली झाडं) लावा. आसरा मिळाला की पक्षी आपोआप येतील.

आगरातला:
नको! तिवर बगळ्यांना, ढोकरींना हवं. शेकाट्याला चारी बाजूंनी उघडी जागा लागते, उबवताना लांबूनच धोका दिसला पाहिजे. मध्ये झाड आलं की त्यावर कावळा बसतो आणि अंडी हेरतो. आहे त्या कांदळवनाला हात लावायचा नाही, कायद्यानेही नाही. पण उरलेल्या उघड्या चिखलावर नवी लागवड करू नका. ठाणे खाडीत गाळ साचून तिवरं पुढे सरकतायत, उघडा चिखल आधीच कमी होतोय.

ताई, तुमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. आमच्या घरच्या दोन पिढ्या मिठागरात राबल्या, म्हणून सांगतो. शेकाट्या साधारण 25 दिवस अंडी उबवतो. उधाण अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे दर पंधरवड्याला. त्यामुळे कुठलंही घरटं घ्या, त्याला किमान एक उधाण काढावंच लागतं. मिठागर चालू होतं तेव्हा उधाणाचं पाणी हवं तेवढं घेऊन उघाडी (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं फळ्यांचं दार) बंद व्हायची, आत पाणी स्थिर राहायचं. आता उघाडीला माणूस नाही, फळ्या कुजल्यात, खाडी येते-जाते. पाणी वीतभर चढलं तर अंडी वाहतात, आटलं तर कुत्री चालत घरट्यापर्यंत जातात.

तेव्हा एप्रिलच्या आत उघाडी दुरुस्त करून घ्या. आतलाच चिखल उपसून पाण्याच्या मधोमध बुटके उंचवटे करा, वर शिंपल्यांचा चुरा पसरा. उतार अगदी मंद ठेवा. पिल्लं पहिल्याच दिवशी पाण्यात उतरतात, कड उभी असली तर त्यांना परत चढता येत नाही. बांधालगत चर खोल ठेवा, म्हणजे कुत्री सहसा पुढे येत नाहीत.

लेन्सवाला_मुलुंड:
फोटोंसाठी किती अंतर ठेवावं?

आगरातला:
पक्षी उठला म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात, लगेच मागे फिरा. मे महिन्याच्या उन्हात उघडी अंडी शिजतात हो. पाण्यात पोट बुडवून शेकाट्या परत अंड्यांवर बसतो, ओल्या पिसांनी त्यांना थंड ठेवतो. ते बांधावर बसून दुर्बिणीतून बघा, फार सुंदर दिसतं.

खाडीकाठ_भांडुप:
दादा, खूप आभार. उघाडी आणि उंचवटे, दोन्हींसाठी वनखात्याकडे या आठवड्यातच अर्ज देते. फळ्यांच्या फटीतून पाणी झिरपलं तर?

आगरातला:
फळ्यांच्या दोन ओळी लावा आणि मधल्या जागेत खाडीची चिकट माती ठासून भरा. पावसाळ्यात ओहोटीला वरच्या एक-दोन फळ्या काढा आणि भरती चढायच्या आत परत बसवा. जूननंतरही घरटी असतात आणि आत साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जायला हवं.