मदत हवी आहे: पाइपच्या रूटला (जोडाच्या सर्वात आतल्या, पहिल्या थराला) टिगचा आर्क कसा घ्यावा? एचएफ बंद, लिफ्टला टंगस्टन चिकटतंय

टिगवाला_वेर्णा

नमस्कार मंडळी,

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर आहे. शॉपमध्ये सगळं टिग (टंगस्टनच्या टोकापासून आर्गन गॅसखाली विजेचा आर्क घेऊन केलेलं वेल्डिंग) एचएफवर, म्हणजे उच्च वारंवारतेच्या ठिणगीवर चालतं. बटण दाबलं की ठिणगी उडते, टंगस्टन कुठे टेकतच नाही, त्यामुळे हा विषय कधी डोक्यात आला नव्हता.

आता एका औषध कंपनीत आत जाऊन लाइन जोडायची आहे. पाइप २ इंची, ३१६एल स्टेनलेसचा, शेड्यूल १० जाडीचा, म्हणजे भिंत जेमतेम २.७७ मिमी. तिथल्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी साफ सांगितलं, पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा) पॅनल शेजारी आहे, एचएफ लावायचं नाही. साइटवर मिळालेलं मशीन साधं इन्व्हर्टर आहे, लिफ्टची (टंगस्टन टेकवून उचलत आर्क घेण्याची) सोय असलेलं, टॉर्च व्हॉल्व्हवाला, म्हणजे गॅस हाताने उघडायचा. त्यावर टंगस्टन सारखं चिकटतं आणि ओढलं की टोक मोडून बेव्हलमध्ये (पाइपच्या तिरप्या कापलेल्या कडेत) राहतं. आमचे मिस्त्री म्हणतात, लिफ्ट-बिफ्ट सोड, काडी ओढतात तसं घासून घे. पण जॉइंटचा एक्स-रे होणार आहे, म्हणून धीर होत नाही.

टंगस्टन २.४ मिमी, लाल पट्टीचं. करंट ७०-७५ अँपिअर. आर्गन मिनिटाला १० लिटर. आतून परजिंग (पाइपमध्ये आर्गन भरून हवा बाहेर काढणं) चालू आहे. काय चुकतंय?

जुना_फिटर_वास्को

आर्क नेमका कुठे घेताय, टॅकवर (पाइप धरून ठेवणाऱ्या छोट्या टाक्यावर) की बेव्हलवर? आणि अर्थिंगचा क्लॅम्प कुठे आहे?

टिगवाला_वेर्णा

टॅकवरच घेतो. क्लॅम्प पाइपच्या सपोर्टला आहे, तिथे जागा बरी मिळते.

जुना_फिटर_वास्को

मग अर्धं उत्तर तिथेच आहे, बाब. सपोर्टला रंग असतो, गंज असतो, त्यात आपली पावसाळी हवा. करंट धड जात नाही आणि दोष मात्र लिफ्टला. क्लॅम्प जॉइंटजवळ स्पूलवर (जोडायच्या पाइपच्या तुकड्यावर) लाव, जागा घासून चकचकीत कर. ग्राइंडिंगचा दगड आणि ब्रश स्टेनलेससाठी वेगळे ठेव. काळ्या पाइपवर चाललेला ब्रश ३१६एलवर फिरवलास तर पुढे गंजाचे डाग येणार.

आता हाताचं सांगतो. लिफ्टमध्ये टंगस्टन टेकलेलं असताना मशीन अगदी थोडा करंट सोडतं आणि उचलल्यावर आर्क जुळला की करंट वर नेतं. त्यामुळे सरळ वर ओढायचं नाही. सिरॅमिक नोझलची कड बेव्हलवर टेकव, तिच्या आधाराने टॉर्च जरा कलंडवून टोक हलकेच लाव आणि मनगट तसंच मागे फिरव. टोक दीड-दोन मिमी सुटलं की झालं. नोझलचा आधार असला की हात थरथरत नाही, आणि टंगस्टन चिकटतं ते बहुतेक वेळा थरथरीमुळेच. टेकवण्याआधी व्हॉल्व्ह उघडून गॅस थोडा वाहू दे, नाहीतर टोक पहिल्याच क्षणी काळं पडतं.

टॅकचं टोकही ग्राइंड करून उतरतं कर. टॅकवरच्या करपलेल्या थरावर आर्क नीट बसत नाही.

क्यूसी_फोंडा

घासून घेण्याबद्दल एवढंच सांगतो. टंगस्टनची घनता १९.३ ग्रॅम प्रति घन सेमी, पोलादाची ८ च्या आसपास. त्यामुळे मोडलेला कण एक्स-रेच्या फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो, लपत नाही. घासून रूट घालणारे तयार हात आहेत, नाही असं नाही, पण २.७७ मिमी भिंतीत कण अडकला की जॉइंट रिपेअरलाच जातो. टोक मोडलं तर त्यावर वितळवत पुढे जाऊ नका. थांबा, कण ग्राइंड करून काढा, टंगस्टन पुन्हा टोकदार करा. धार लांबीच्या दिशेने, आडवी नको.

आणि आर्क बेव्हलच्या आतच. पाइपच्या बाहेरच्या अंगावर चुकून लागलेला ठिपका आम्ही ग्राइंड करून डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून भेगा शोधणं) करायला लावतो, मग तुम्ही आम्हाला शिव्या घालता.

लाल पट्टीचं टंगस्टन म्हणजे थोरियम, किरणोत्सारी. घासताना ती धूळ नाकात जाते. निळ्या किंवा सोनेरी पट्टीचं लँथनमवालं घ्या. कमी करंटलाही ते आर्क चांगला घेतं.

पॅनलवाला

इन्स्ट्रुमेंटच्या बाजूने बोलतो. एचएफची उच्च दाबाची ठिणगी टॉर्चच्या केबलला अँटेना बनवते. सिग्नलच्या वायरी शेजारून गेल्या असतील तर आकडे उड्या मारतात, कधी कार्डही जातं. तेव्हा त्यांचा नकार रास्त आहे. पण लिफ्ट लावलं म्हणजे सगळं सुरक्षित असंही समजू नका. क्लॅम्प लांब सपोर्टला असेल तर वेल्डिंगचा करंट वाटेतल्या ट्रान्समीटरमधून (मोजमाप पॅनलला पाठवणाऱ्या उपकरणातून) किंवा पंपाच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो. क्लॅम्प जवळ लावा आणि त्या लाइनवरचे ट्रान्समीटर त्यांच्याकडूनच सोडवून घ्या.

आणि शॉपमध्ये एचएफ वापरता तिथे पेसमेकर बसवलेला माणूस जवळ येऊ देऊ नका. ओल्या हातमोज्यांनी टॉर्च धरू नका, चटका बसतो.

टिगवाला_वेर्णा

क्लॅम्प हलवला, नोझल टेकवून घेतलं. चिकटणं बरंच थांबलं. आता नवीन भानगड: टॉर्चला बटण नाही, त्यामुळे करंट हळूहळू उतरवता येत नाही. आर्क तोडला की शेवटी खड्डा राहतो.

जुना_फिटर_वास्को

रूटच्या मधोमध तोडू नकोस. शेवटी फिलरचा एक थेंब जास्त दे, वेग वाढवत आर्क बेव्हलच्या भिंतीवर चढव आणि तिथे झटकन तोड. तोडल्यावर टॉर्च लगेच उचलू नकोस. व्हॉल्व्ह उघडाच असतो, तेव्हा खड्ड्याची लाली जाईपर्यंत गॅस त्यावर राहू दे. पुढचा आर्क घेण्याआधी तेवढी जागा ग्राइंडरने साफ कर.

आणि व्हॉल्व्हवाल्या टॉर्चवर मशीन चालू असेपर्यंत टंगस्टन जिवंत असतं. टॉर्च पाइपवर ठेवून चहाला गेलास तर परत येईपर्यंत पाइपवर नको तिथे ठिपका पडलेला असेल. तो लाकडी फळीवर ठेव, नाहीतर मशीन बंद करून जा.