फोनवरून चेक भरणे आणि ती लिमिट: तुमचे किस्से सांगा

टेक्ससची_मावशी
भाचा डॅलसला शिकतोय. काल रात्री फोन, मावशी अगं आधीच्या अपार्टमेंटवाल्यांनी डिपॉझिट परत केलं पण कागदाचा चेक पाठवलाय, आणि बँकेच्या ॲपमधून भरायला चेकचा फोटो काढला तर ॲप म्हणतं लिमिटच्या वर आहे, आता? बँक नुकतीच बदललीय त्याने. आयुष्यात चेकबुक न बघितलेली जीपेची पिढी ही. मला आमचे सुरुवातीचे दिवस आठवले, ह्यांचा पगाराचा चेक घेऊन बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूला (गाडीत बसूनच व्यवहार) जायचो, चेक प्लास्टिकच्या नळकांड्यात घालायचा, बटण दाबलं की हवेच्या पाइपातून सूंऽऽकन आत बाईंच्या हातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, गेला पगार! असो. चेकचे, ॲपचे, लिमिटचे अनुभव लिहा, त्याला वाचायला देते.

कोथरूडकर_जर्सीत
ब्रांचमध्ये नाहीतर एटीएमला जा म्हणावं. ही लिमिट फोटोची आहे, चेकची नाही. खातं नवं असलं की बँक हात आखडता ठेवते, पगार वगैरे नियमित यायला लागला की वाढवतात. सरकारी कायदा नाही, ज्याची त्याची वेगळी, बहुतेक ॲपमध्ये रक्कम टाकायच्या जागीच दिसते. दोन आकडे बघायचे, एक दिवसाचा आणि एक ३० दिवसांचा. आणि ते ३० दिवस बऱ्याच ठिकाणी आजपासून मागे मोजतात, कॅलेंडरचा महिना नव्हे. आमच्या ऑफिसातला एक जण १ तारखेची वाट बघत बसलेला, १ तारखेला परत नकार. असा तणतणला!

चिंगी२
नळकांड्यातून लॉलीपॉप यायचा परत!! माझी लेक बँकेत जायचं म्हटलं की आधी कारसीटमध्ये जाऊन बसायची. गाडीत कुत्रा असेल तर त्याला बिस्किट. आता ॲप काय देतं, डोंबल

टेक्ससची_मावशी
चिंगी, हो गं, बिस्किटाचं विसरलेच होते

ठाण्याचा_क्लिअरिंगवाला
आयुष्य क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकाबँकांमधले चेक वटवण्याच्या कामात गेलं म्हणून लिहितो. अमेरिकेत पूर्वी चेकचे गठ्ठे विमानाने इकडून तिकडे जायचे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानं जमिनीवर, चेकही अडकले. त्यातून २००३ साली कायदा झाला, ऑक्टोबर २००४ पासून लागू, की इमेजवरून छापलेली प्रत मूळ चेकच्या जागी चालेल. फोनचा फोटो त्याच वाटेने पुढे आला. आपल्याकडे चेक ट्रंकेशन (कागद न फिरवता चेकची इमेजच पाठवायची) २००८ ला दिल्लीत सुरू झालं, मग २०११ चेन्नई, २०१३ मुंबई. पण स्कॅनर बँकेचा, गिऱ्हाईक अजून पेटीतच टाकतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर ठरावीक वेळी गठ्ठ्याने चेक घ्यायची बॅच बंद, दिवसभर क्लिअरिंग चालू. आम्ही रात्री गठ्ठे जुळवत बसायचो, एका चेकचा फरक निघाला की घरी जेवण झाकून ठेवलेलं.

बाणेरची_मीनल
काका भारीच. आमच्या पेटीशेजारचं दोरीला बांधलेलं पेन मात्र अजून चालत नाही

सॅनहोजेची_सून
माझं वेगळंच. इन्शुरन्सवाल्यांनी चेक पाठवला त्यावर माझं पहिलं नाव गायब, मिडल नेम म्हणून नवऱ्याचं आणि पुढे आडनाव. म्हणजे चेक ह्यांचाच झाला की! जॉइंट खातं म्हणून ॲपने गपचूप घेतला. नंतर एकदा दोघांच्या नावाचा आला, मधे 'अँड', मी एकटीनेच सही केलेली म्हणून परत. 'ऑर' असता तर एकाची चालली असती.

अटलांटाचा_बंड्या
भाच्याला सांगा मागे सही आणि खाली 'फॉर मोबाइल डिपॉझिट ओन्ली'. नाही लिहिलं तर बऱ्याच बँका नाकारतात. जुलै २०१८ पासून असं आहे की फोटो एका बँकेत भरला आणि तोच कागद कोणी दुसऱ्या बँकेत वटवला तर ती दुसरी बँक फोटोवालीकडून भरपाई मागू शकते. कागदावर हे वाक्य असेल तर नाही. म्हणून एवढा आग्रह

गोंधळलेली_गार्गी
आमचा किचन काउंटर पांढरा आणि चेकपण फिकट, ॲपला कडाच सापडत नाहीत. काय करता तुम्ही?

चिंगी२
तव्यावर ठेव

कोथरूडकर_जर्सीत
गॅस बंद करून :-)

गोंधळलेली_गार्गी
हाहा खरंच ठेवला आत्ता, घेतला!!

फिनिक्सचा_पक्षी
गंमत चाललीय पण एक गंभीर. माझ्या चुलतभावाने सोफा विकायला काढला, घेणाऱ्याने जास्तीच्या रकमेचा चेक पाठवला, म्हणे उरलेले मूव्हरला (सामान हलवणाऱ्याला) दे. फोनवरून भरला, खात्यात पैसे दिसले, ह्याने उरलेले पाठवून दिले. पुढच्या आठवड्यात चेक बोगस निघाला, पूर्ण रक्कम वजा. खात्यात दिसले म्हणजे वटला असं नाही. बँकेत नेऊन दिलेल्या चेकचे साधारणपणे पहिले २२५ डॉलर पुढच्या कामाच्या दिवशी द्यावे लागत, जुलै २०२५ पासून २७५, पण तेव्हा समोरच्या बँकेने पैसे दिलेले असतीलच असं नाही. फोनच्या चेकला तर बँकेच्या स्वतःच्या अटी.

सॅनहोजेची_सून
अरेरे. मिळाले का परत?

फिनिक्सचा_पक्षी
नाही. सोफा मात्र आहे अजून, कोणाला हवाय का

नाशिकचे_आप्पा
लिमिट म्हणजे ते पॅनकार्डचं ना? ५० हजारांच्या वर भरले की मागायचे, आणि सेव्हिंगमध्ये वर्षाला १० लाख झाले की इन्कम टॅक्सला कळवतात

ठाण्याचा_क्लिअरिंगवाला
आप्पा, ते रोख रकमेचं. त्यांच्याकडेही १० हजार डॉलरच्या वर रोख भरली की बँक सरकारला कळवते. आणि रिपोर्ट चुकवायला तुकडे करून भरणं हा गुन्हा आहे तिथे, पैसे घामाचे असले तरी.

नाशिकचे_आप्पा
बरं बरं. द्राक्षाचे पैसे आम्हाला चेकनेच येतात, तेही आले तर

बाणेरची_मीनल
फोटो काढल्यावर कागदाचं काय करता? फाडता?

अटलांटाचा_बंड्या
लगेच नाही. आमची बँक १४ दिवस ठेवा म्हणते, मग श्रेडर.

सॅनहोजेची_सून
सासूबाई आल्या होत्या तेव्हा श्रेडरला हातच लावू देईनात, लक्ष्मी फाडतात का म्हणे. देवघराच्या खणात चेकची थप्पी झालीय, वटलेल्या!

टेक्ससची_मावशी
भाच्याचा मेसेज, ब्रांचमध्ये जाऊन भरून आला. तिथल्या माणसाने विचारलं म्हणे ॲप का नाही वापरलंस. बरं डॅलसकडचं कोणी आहे का इथे, चकलीची भाजणी कुठे मिळते?

चिंगी२
प्लेनोला एक काकू देतात, विपूत (विचारपूस, खाजगी निरोप) कळवते. चेक नाही घेत हो त्या