मुलाने 'मी गे आहे' असं सांगितलंय. घरात नेमकं काय करावं, काय टाळावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा २५ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. गणपतीत घरी आला तेव्हा आम्हा दोघांना बसवून सांगितलं, की तो गे आहे आणि मुलीशी लग्न करणार नाही. माझी माया कमी झालेली नाही, पण काही सुचतही नाही. ह्यांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलंय. वधू-वर सूचक मंडळात त्याचं नाव आधीच घातलेलं, नणंद रोज स्थळं पाठवते. ह्यांच्या ओळखीतले कुणी म्हणतात, एक डॉक्टर आहेत, ते 'हे बरं करतात'. सासूबाईंना खरं कारण माहीत नाही, पण लग्नाला नाही म्हणतोय म्हटल्यावर त्या देवऋषाकडे न्या म्हणून मागे लागल्यात. मुलगा दिवाळीला येणार आहे. तोवर काय करू, कुठून सुरुवात करू, कृपया नेमकं सांगा.

पारिजात:
ताई, मी पालकांचं समुपदेशन करते. समजायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा, पण वागणं आजपासून बदलता येतं. मुलाचं लक्ष वागण्याकडेच असतं. त्यामुळे 'मला पूर्ण पटलं की मग बोलेन' असं करू नका.

आजच त्याला फोन करा, नाहीतर मेसेज करा. एवढं मोठं सांगून झाल्यावर घरून काहीच आलं नाही, तर त्याचा अर्थ नकार असाच लावला जातो. लांबलचक पत्र नको. "तू सांगितलंस ते बरं केलंस. मला अजून सगळं कळलेलं नाही, पण तू आमचाच आहेस. दिवाळीला नेहमीसारखा ये." इतकं पुरे. कोणाच्या संगतीने झालं, पुण्याला पाठवायलाच नको होतं, बाबांच्या बीपीचा तरी विचार कर, ही वाक्यं तोंडी येऊ देऊ नका. त्यातलं बीपीचं सगळ्यात वाईट. वडिलांच्या जिवाची जबाबदारी डोक्यावर पडली की मुलगा पुन्हा लपवायला लागतो, आणि कधीकधी नको असताना लग्नाला होही म्हणून बसतो.

समोर बसल्यावर प्रश्न विचारायला हरकत नाही. आधी "विचारू का?" म्हणा. पुण्यात कोणाकोणाला माहीत आहे, ऑफिसात त्रास होतो का, रात्री-बेरात्री आजारी पडलास तर धावून येणारं कोणी आहे का, हे प्रश्न आईचेच आहेत. लेकीला जे खासगी विचारणार नाही, ते त्यालाही विचारू नये.

आता स्थळं. उशीर झाला तर खरं नुकसान इथेच होतं. मंडळात स्वतः जाऊन नाव काढून घ्या, फोटो आणि पत्रिका परत मागा. बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर ज्यांना ज्यांना गेलाय त्यांना "स्थळं बघणं थांबवलंय, कृपया पुढे पाठवू नका" असं कळवा. नणंदेला एकच वाक्य: "त्याला लग्न करायचं नाही, आणि ते आम्हाला मान्य आहे." का म्हणून विचारलं तरी पुन्हा तेच, त्याच शब्दांत. नोकरी पक्की होऊ दे, यंदा गुरुबळ नाही, असली कारणं देऊ नका. कारणाला मुदत असते; ती संपली की तीच स्थळं परत येतात आणि मग तुम्हालाच नवं कारण शोधावं लागतं. 'लग्न झालं की येईल ताळ्यावर' असं कोणी म्हटलं तर त्या येणाऱ्या मुलीचा विचार करा. काहीही माहीत नसताना तिचं आयुष्य पणाला लावायचा हक्क कोणालाच नाही.

कोणाला सांगायचं ते तो ठरवेल. त्याच्याबरोबर बसून नावं काढा: कोणाला सांगितलं तर चालेल, कोणाला इतक्यात नको, कोणाला कधीच नको. तुमचं मन मोकळं करायला एक माणूस लागेल, तेही त्याला विचारून ठरवा. आई विश्वासाने बहिणीला सांगते आणि संध्याकाळपर्यंत भावकीच्या ग्रुपवर कुजबुज सुरू होते, हे फार घरांत घडतं, आणि मग मुलगा पुढची कित्येक वर्षं काही सांगत नाही. म्हणूनच दुसऱ्या पालकांशी बोलणं बरं. मुंबईत 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा खास पालकांचाच गट आहे. समलैंगिकांसाठीचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतोय. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये असाच समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्यांनी या विषयावर साध्या मराठीत भरपूर लिहिलंय. इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेल्या वडिलांच्या हाती द्यायला ते फार उपयोगी पडतं.

दवाखाना:
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त 'बरं करणाऱ्या डॉक्टरां'बद्दल लिहितो. त्यांच्याकडे जाऊ नका. समलैंगिकता हा आजार नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये तो आजारांच्या यादीतून काढला, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हेच जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये दिलेल्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे 'उपचार' म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कोणी केलेच, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.

प्रत्यक्षात काय करतात? कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देतात. त्याने ओढ कोणाबद्दल वाटते ते बदलत नाही. उलट बाहेरून हार्मोन दिल्याने शरीराचं स्वतःचं काम मंदावतं, शुक्राणू घटतात, रक्त दाट होऊ शकतं. कोणी शॉक देतात, कोणी संमोहन, कोणी किळस बसावी म्हणून चित्रं दाखवून त्रास देतात. यातून हाती येतं ते नैराश्य, आणि पुढे खरी गरज पडली तरी मुलगा कुठल्याच डॉक्टरकडे जायला तयार होत नाही.

त्याला किंवा तुम्हाला उदास वाटतंय, झोप नाही, म्हणून मदत घ्यायची असेल तर जरूर घ्या. वेळ ठरवण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा: समलैंगिकता आजार आहे असं तुम्ही मानता का? ती बदलता येते का? दोन्हींना स्पष्ट 'नाही' आलं तरच जा. 'मुलाची इच्छा असेल तर प्रयत्न करू' हे उत्तर आलं तर फोन ठेवा. आयोगाचा नियम नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होतो. नुसती 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावून बसलेला माणूस त्यात येत नाही, तिथे जास्त सावध राहा.

आणखी एक, आणि हे टाळू नका. मुलाला थेट विचारा, "जीव नकोसा होतो का?" विचारल्याने तसं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो घरी असताना शेतीची औषधं कुलपात ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तोही वापरू शकतो, तुम्हीही.

कृष्णाकाठ:
तुम्हा दोघांचे आभार. मेसेज केला, लगेच त्याचा फोन आला. नाव काढायला उद्या मंडळात जाते. पण ह्यांचं काय करू? जेवताना त्याचा विषय निघाला की ताटावरून उठतात. आणि आमचं वाढवण्यात काही चुकलं का, हे मनातून जात नाही.

औदुंबर:
वहिनी, पालकांच्या बैठकींत मी वडिलांशी बोलायचं काम करतो, म्हणून लिहितो. वाढवण्यातल्या चुकीने कोणी गे होत नाही. जन्माआधीच्या जडणघडणीचा वाटा दिसतो, एकच एक कारण सापडलेलं नाही, आणि आईचे लाड किंवा वडिलांची शिस्त याने हे घडतं असा पुरावा नाही. तुमच्या यजमानांनीही हे ऐकायला हवंच आहे, कारण गप्प बसलेला बाप बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देत असतो.

गप्प राहण्यामागे साधारण तीन भीती असतात: भावकीत मान जाईल, वंश थांबेल, म्हातारपणी पोराला कोण बघेल. पहिल्या दोन्हींवर वाद घालू नका, त्यात कोणी जिंकत नाही. तिसरीपासून सुरुवात करा, ती प्रेमाची आहे आणि तिच्यावर उपाय आहेत: स्वतःचं घर, विमा, साठवण, जिवाला जीव देणारी माणसं. पुष्कळ वडिलांच्या डोक्यात गे म्हणजे तृतीयपंथी असं असतं, मुलगा साडी नेसेल का याची धास्ती असते, पण लाजेने विचारत नाहीत. तुम्हीच सहज सांगून टाका: तो पुरुषच आहे आणि स्वतःला पुरुषच मानतो, त्याला ओढ पुरुषांबद्दल वाटते, एवढंच. तृतीयपंथी माणसंही आपल्यासारखीच मानाची, पण ही गोष्ट वेगळी.

तुम्ही निरोप्या होऊ नका. 'बाबा असं म्हणाले', 'तो तसं म्हणाला' सुरू झालं की दोघं कधीच समोरासमोर येत नाहीत. त्यापेक्षा यजमानांकडे एखादं काम द्या, ज्यात बोलावं लागत नाही पण सोबत राहावं लागतं. एसटी स्टँडवरून त्याला आणायला त्यांनाच पाठवा. रानात पाण्याची पाळी असेल तर दोघांना जाऊ द्या. समोरासमोर बसवून केलेल्या चर्चेपेक्षा गाडीवर पुढे-मागे बसून निघालेलं एखादं वाक्य जास्त कामाचं असतं. बैठकीला एकदम नेऊ नका. आधी दुसऱ्या एखाद्या मुलाच्या वडिलांशी फोनवर बोलणं करून द्या.

एक मर्यादा मात्र स्पष्ट घाला: "नका बोलू हवं तर, पण अंगावर हात नाही, शिवी नाही आणि घराबाहेर हो म्हणायचं नाही." आणि तुळशीचं लग्न झालं की पत्रिका यायला लागतील. निवळलेला बाप पुतण्याच्या लग्नातून आला की पुन्हा आक्रसतो. त्याला घाबरू नका, काही महिने असं पुढे-मागे चालतंच.

काळा डगला:
कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, म्हणजे तुमचा मुलगा कुठलाही गुन्हा करत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, म्हणून पुढची सोय कागदांनी करावी लागते. संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, त्यामुळे मृत्युपत्र हवंच. अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर हयात आई ही पहिल्या वर्गातली वारस असते, वडील दुसऱ्या वर्गात, म्हणजे आधी हक्क आईचा. जोडीदाराला काहीच मिळत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी.

फसवून मुलीशी लग्न लावलं, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत ती लग्न रद्द करायला अर्ज करू शकते. हे नणंदबाईंना ऐकवायला हरकत नाही.

देवऋषाचं: भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कृष्णाकाठ:
सासूबाईंना काय सांगू? ८१ वर्षांच्या आहेत. त्या नुसता अंगारा लावू म्हणतात.

पारिजात:
अंगाऱ्यालाही नको म्हणा. एकदा लावला की त्याला 'काहीतरी झालंय' हे घराने कबूल केल्यासारखं होतं, मग उपास येतात, मग वारी-फेऱ्या. "तो ठणठणीत आहे, त्याला काही झालेलं नाही" एवढंच म्हणा. आजीला खरं सांगायचं की नाही ते मुलाला विचारा. सांगायचं ठरलं तर तो घरात असताना, तुम्ही शेजारी बसून, दुपारी निवांत वेळी. तिचा पहिला प्रश्न बहुधा "मग त्याला जेवायला कोण घालणार?" असाच असेल. त्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या. स्वयंपाक येत नसेल तर दिवाळीच्या चार दिवसांत भाकरी शिकवा.