बार्शी लाइटचं इंजिन: वाफेवरच चालायला हवं का?

फायरमन७६२
गेली तीन वर्षं बार्शी लाइट रेल्वेच्या, म्हणजे सोलापूर भागातल्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या, 'ए' वर्गाच्या इंजिनाचं मॉडेल करतोय. प्रमाण १:२४. मूळ रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर, त्यामुळे माझे ३२ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ तंतोतंत बसतात. लीड्सच्या किटसन कारखान्यातली ही इंजिनं: पुढे आठ जोडचाकं, मागे चार लहान चाकं. मागच्या आठवड्यात एका जुन्या मॉडेलवाल्या काकांना काम दाखवलं. ते म्हणाले, "एवढं कशाला झिजतोस? मोटर घाल, आवाजाची चिप घाल, संध्याकाळी पळायला लागेल." त्यांच्याशी तिथे वाद घातला नाही, म्हणून इथे मांडतो.

माझं मत असं की वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल वाफेवरच चाललं पाहिजे. नाहीतर ते इंजिनाच्या आकाराचं दुसरंच काहीतरी होतं. माझ्याकडे आधीचं एक चारचाकी वाफेचं इंजिन आहे. ते बाहेर काढलं की आधी बॉयलरमध्ये डिस्टिल्ड वॉटर, मग लुब्रिकेटरमध्ये स्टीम ऑइल, शेवटी टाकीत ब्युटेन. चिमणीच्या तोंडाशी लायटर धरला की 'फप्' करून ज्योत आतल्या नळीत जाऊन बसते. सात-आठ मिनिटं काहीच होत नाही. मग दाबाचा काटा हलतो, ४० पौंडांवर सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागतो. रेग्युलेटर, म्हणजे वाफ सिलिंडरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडला तरी इंजिन निघत नाही, कारण थंड सिलिंडरमध्ये गेलेल्या वाफेचं पाणी होतं. ते चिमणीतून उडतं, शर्टावर तेलकट ठिपके पडतात, आणि आपण इंजिन हातानं पुढं-मागं ढकलत राहतो. सिलिंडर तापले की ते एकदम हाताखालून सुटतं. मोटरच्या इंजिनाला बटण दाबलं की झालं, तिथे हे सुटणं नाही. चढ आला की वाफेचं इंजिन दमतं, श्वास जड होतो, रेग्युलेटर थोडा उघडावा लागतो. कुर्डुवाडीच्या ड्रायव्हरचं आयुष्य याच कामात गेलं. ते काम काढून टाकलं तर मॉडेल कशाचं केलं?

रूळजोड
पूर्ण असहमत. तुम्ही इंजिनावर प्रेम करता, रेल्वेवर नाही.

बार्शी लाइटचं मोठेपण इंजिनात नव्हतं. ती बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ठरवलं की इंजिन असो की मालडबा, कुठल्याही ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावर, ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला की हलके रूळ आणि हलके पूल पुरतात, आणि तरीही लांब, भरपूर माल घेणारे बोगीचे, म्हणजे वळत्या चाकचौकटींवर बसवलेले, डबे चालवता येतात. इंजिनाला आठ जोडचाकं आणि मागे बोगी आहे तीसुद्धा यासाठीच. हे सगळं जहाजात चढवण्याआधी त्यानं लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून लोकांना चालवून दाखवलं, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे कुर्डुवाडी) ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. त्यातून ३२५ किलोमीटरची रेल्वे उभी राहिली, दुष्काळी पट्ट्यातून कापूस आणि वारकरी वाहणारी. अंगणात गोल गोल फिरणाऱ्या एकट्या इंजिनात यातलं काय दिसतं?

मी १:८७ मध्ये काम करतो, ९ मिलिमीटरच्या रुळांवर. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये भिंतीला लागून १० फुटांची फळी आहे, तिच्यावर आषाढीचं पंढरपूर स्टेशन उभं राहतंय. दिंड्या, पताका, फलाटावर बसलेल्या बायका, त्यांची गाठोडी. इंजिनात मोटर आहे आणि मला त्याची लाज नाही. कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जाऊन बघा. मुलं तिथून हलत नाहीत, आणि तिथे सगळं विजेवर चालतं.

शिवाय प्रामाणिकपणाचंच बोलायचं तर तुमचं इंजिन आतून कितीसं किटसनचं आहे? मूळ बॉयलरमध्ये कोळशाचा फायरबॉक्स आणि नळ्यांचा जुडगा होता. तुमच्यात एक तांब्याची नळी आणि गॅसचा बर्नर.

फायरमन७६२
रूळजोड, शेवटचा मुद्दा खरा आहे, त्याचं उत्तर देतो. १:२४ ला आकारमान १३,८२४ पटींनी कमी होतं, पण पृष्ठभाग फक्त ५७६ पटींनी. म्हणजे पाण्याच्या मानानं थंड होणारा पत्रा चोवीस पट जास्त. मूळ नळ्या त्याच प्रमाणात लहान केल्या तर टाचणीएवढ्या होतील, धूरही जाणार नाही. निसर्ग प्रमाणात लहान होत नाही, म्हणून आतली रचना बदलावी लागते. पण पाणी खरं उकळतं आणि पिस्टन खऱ्या वाफेनं हलतो. आणि ज्या भाराबद्दल तुम्ही बोलताय तोच माझ्या इंजिनात आहे: सहा ॲक्सल, ५ टनांनी ३० टन, त्याला १३,८२४ नं भागलं की साधारण २.२ किलो. माझं इंजिन पाण्यासकट बरोबर तेवढं भरावं म्हणून मी तीन वेळा चौकट बदलली आहे.

याच कॅलथ्रॉपनं पुढं इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड बांधली. जेमतेम सव्वाआठ मैलांची, १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. तिच्या दोन इंजिनांवर तिथल्या मॉडेलवाल्यांनी किती जीव लावलाय! तिच्या थोरल्या बहिणीसाठी आपण निदान एक इंजिन तरी खऱ्या वाफेवर चालवू.

कुर्डुवाडीची लेक
माझे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला तेलाचा आणि ओल्या राखेचा एकत्र वास यायचा. त्यांचं सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे बॉयलर धुणं. आमच्याकडचं पाणी जड, आत थर बसायचा, तो खरवडून काढायचा. त्यांना इंजिनाचं कौतुक होतं, पण काव्य नव्हतं.

म्हणून फायरमनदादा, तुमच्या बाजूनं आहे, तरी एक विचारते. वाफेचा एवढा आग्रह आहे तर कोळसा का नाही? डिस्टिल्ड पाणी आणि गॅस म्हणजे त्या नोकरीतला निम्मा भाग गाळलाच की. थर नाही, राख नाही, फावडं नाही.

आयटीआयचे सर
मी वेल्डिंग शिकवतो. भावना बाजूला ठेवून थोडं बोलतो.

२५ लिटरच्या आतला बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे तुमचा बॉयलर तपासायला कोणी येणार नाही, जबाबदारी पूर्ण तुमची. सांधे सिल्व्हर सोल्डरचेच हवेत, साध्या कथलाचे नकोत. चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर, आणि तीही थंड पाण्यानं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसता ओघळ येतो. वाफेनं किंवा हवेनं तीच चाचणी केली तर तुकडे उडतात.

आणि प्रदर्शनांविषयी माझा ठाम विरोध. एका शाळेत असा प्रयोग मी पाहिलाय. एक इंजिन पेटलेलं, शेजारीच दुसऱ्यात गॅस भरणं चाललेलं. भरताना थोडा गॅस बाहेर पडतोच. भडका उडाला, पुढं वाकलेल्या मुलाच्या भुवया गेल्या. डोळे वाचले. त्या दिवसापासून मी म्हणतो, मुलांसमोर मोटरचं इंजिन. वाफेचं घरी चालवा, मोठ्या माणसांत.

नेरळकर
माझं वेगळंच म्हणणं आहे. माथेरानचं का करत नाही? कॅलथ्रॉप तिथेही सल्लागार होता, गाडी १९०७ पासून आहे, आणि रूळ अजून जागेवर आहेत. बार्शी लाइटचे रूळ रुंद झाले, आता मोजायला जाणार कुठे? दोन फुटी रूळ असल्यामुळे १:१९ ला ३२ मिलिमीटर चपखल. ओरेनस्टाइन अँड कोपेलच्या त्या इंजिनांत पहिला आणि शेवटचा ॲक्सल पोकळ असतो, त्याच्या आतून दुसरा ॲक्सल जातो, आणि वळणावर चाकं स्वतःहून थोडी वळतात. २० ला १ चा चढ आणि तसली वळणं. ते जमवून दाखवलंत तर वाफ की वीज हा प्रश्नच मी विचारणार नाही.

रूळजोड
नेरळकरांनी वळणांचं काढलंच आहे तर विचारतो. आठ जोडचाकं अंगणातल्या वळणावर जातात कशी? मधल्या चाकांच्या कडा काढल्या असणार.

फायरमन७६२
हो, मधल्या दोन जोड्यांच्या कडा काढल्या आहेत, कानशीनं, स्वतःच्या हातानं, आणि त्या दिवशी वाईट वाटलं. टोकाच्या ॲक्सलला मी आडवी मोकळीक दिली होती, पण वळण साडेतीन फुटांच्या त्रिज्येचं, तेवढ्यानं भागेना.

ताई, कोळशाचं तुम्ही बरोबर बोललात. या मापात कोळसा पेटतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी चमच्यानं घालावा लागतो आणि माझा हात अजून तेवढा बसलेला नाही. पुढचं इंजिन कोळशाचं. वडिलांना बॉयलर धुण्याविषयी आणखी काही सांगावंसं वाटलं तर कृपा करून लिहा, मला ते हवंय.

सर, बॉयलर ८० पौंडांवर थंड पाण्यानं अर्धा तास धरला. मागच्या पत्र्याच्या सांध्यावर एक थेंब आला, म्हणून तो पुन्हा तापवून भरला, पुन्हा चाचणी घेतली, आता कोरडा आहे. शाळेत नेणार नाही, शब्द देतो. गॅस भरायचा तो पेटलेल्या ज्योतीपासून लांब, ही सवय आधीपासून आहे.

नेरळकर, माथेरान हातात घ्यायला मला आणखी दहा वर्षं लागतील.

रूळजोड, एका गोष्टीत तुम्ही मला गाठलंत. तीन वर्षांत मी बार्शीचा एकही डबा केलेला नाही. इंजिन तयार झालं तर मागे ओढायला काहीच नाही. तो ५ टनांचा हिशोब डब्याशिवाय अर्धाच राहतो. या महिन्यात सिलिंडर बाजूला ठेवून मालडब्याची बोगी कापायला घेतो.

रूळजोड
घ्या. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या बोगीचा आराखडा मी १:८७ साठी काढलेला आहे, जुन्या फोटोंवरून, रिव्हेट मोजून. १:२४ ला मोठा करून पाठवतो. चाकांचा व्यास तेवढा तुम्ही तुमच्याकडच्या फोटोवरून पडताळून घ्या, माझ्या फोटोत ती सावलीत आहेत.

इंजिनात मोटर घाला, हे मात्र मी सांगतच राहणार.