टॉर्च टेस्टमध्ये टॉक्सो आयजीएम पॉझिटिव्ह, काय करू?

मनीची_आई: गरोदरपणाचा अकरावा आठवडा चालू आहे. टॉर्च टेस्ट, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी, केली. रिपोर्टमध्ये टॉक्सोप्लाझ्माच्या (मांजराच्या शीतूनही पसरणारा परजीवी) आयजीजी आणि आयजीएम दोन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह. सासूबाई म्हणतात, मांजर आजच्या आज सोडून या. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

लॅबवाली_ताई: अगं, आधी शांत हो. सतरा वर्षं सिरॉलॉजीच्या, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी तपासायच्या, टेबलावर काढलीत. आयजीएम ही लागण झाल्यावर आधी येणारी अँटीबॉडी, पण ती लागण होऊन गेल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त रक्तात रेंगाळते, आणि खोटं पॉझिटिव्हही येतं. म्हणून एवढ्यावर कुणी गर्भपाताचं बोललं तर अजिबात ऐकू नकोस. डॉक्टरांना आयजीजी (नंतर येऊन टिकून राहणारी अँटीबॉडी) एव्हिडिटी तपासणीबद्दल विचार. त्यात युरियासारख्या द्रावणाने धुऊन अँटीबॉडी किती घट्ट चिकटून राहते ते बघतात. जुनी अँटीबॉडी सुटत नाही. अकराव्या आठवड्यात एव्हिडिटी जास्त आली, तर लागण गर्भधारणेच्या आधीची. मात्र कमी आली म्हणजे ताजीच, असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा आयजीजी कर, दोन्ही नमुने शेजारी लावून तपासायला सांग.

रेवा_पुणे: माझंही असंच झालं होतं. एव्हिडिटी जास्त आली, लेक आता चार वर्षांची आहे.

मनीची_आई: आणि ताजी निघाली तर?

लॅबवाली_ताई: तर डॉक्टर स्पायरामायसिन हे औषध सुरू करतात, अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची पीसीआर, म्हणजे त्यात परजीवीचा डीएनए शोधायची तपासणी, करता येते. मनी मांजरीला कुठे सोडू नकोस गं. तिची शी दुसऱ्या कुणीतरी रोज उचलायची, बस. मटण नीट शिजव, कोथिंबीर चांगली धू.